शिरोलीचा धनेश आणि तात्या मेंगाणे

नवा पक्षी पाहिल्याचं कुणी सांगितलं की तात्या मेंगाणे आधी त्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे. विचारायचं-बिचारायचं काही नाही. खिशातल्या पिवळ्या फडक्यानं काचा पुसायच्या, उजेडाला धरून बघायच्या, चष्मा परत त्याच्या नाकावर बसवायचा आणि म्हणायचं, "हां, आता सांग, काय बघितलंस?" ज्याला चष्मा नाही त्याची गत त्याहून वाईट. त्याच्याकडं रोखून बघत ते म्हणायचे, "दुकानात ये. नंबर लागलाय तुला." महाद्वार रोडला त्यांचं चष्म्याचं दुकान, तेही चांगलं चालणारं. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातले निम्मे लोक त्यांचं गिऱ्हाईक होते, त्यामुळं अपमानही तिथंच आणि काचाही तिथंच.

माझी आणि त्यांची ओळख रंकाळ्यावर झाली. मी शिरोलीला राहते, एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी करते, आणि त्या वर्षी नवीकोरी दुर्बीण गळ्यात घालून मी हौसेनं या गटात गेले होते. झाडावरच्या एका पक्ष्याकडं बोट दाखवून मी म्हणाले, शिक्रा! तो निघाला पावशा. शिकारी शिक्रा आणि कोकिळेच्या जातीचा पावशा, दोघं दिसायला सारखे असतात, नवख्या माणसाची हमखास फसगत होते. पण तात्यांनी काय म्हणावं? "पावशाला शिक्रा म्हणती. घरी नवऱ्याला वळखती न्हवं?" सगळे फिदीफिदी हसले. मी घरी येऊन भांडी आदळली आणि या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचाच फोन. "वंदे, रागावलीस? पावशा दावतो, ये." गेले. आणि त्या माणसानं ऊन टाळूवर येईपर्यंत एका बाभळीखाली बसवून मला पावशा शिकवला. तो कसा बसतो, शेपूट कशी धरतो, छोटे पक्षी त्याला बघून कसे बिचकतात, सगळं. स्वतःच्या डब्यातली भाकरी निम्मी मोडून दिली. खोटं कशाला बोलू, बघायला मला त्यांनीच शिकवलं. जिभेला हाड नव्हतं, पण डोळा असा की मला हेवा वाटायचा.

वसंत आला की तात्यांच्या अंगात यायचं. पांगाऱ्याला लाल फुलं आली की त्यावर भोरड्यांची झुंबड उडते, तिथं ते दुकान पोराच्या जिवावर टाकून पळत. शाळू निघालेल्या रानात पिवळ्या भारिटांचे थवे उतरत, ते दाखवायला आम्हाला कागलच्या बाजूला नेत. कळंब्याच्या तळ्यावर एखादी चक्रवाकाची जोडी माघारी जायची राहिली असेल तर तिला रोज बघून येत. "पावणं हायत," म्हणायचे, "निघाल्यालं पावणं डोळं भरून बघावं. फुडल्या साली आपण आसू का नसू."

पाडव्यानंतरच्या रविवारी कळंब्याच्या बांधावर गटानं जमायचं आणि प्रत्येकानं त्या वसंतात पाहिलेला आपला सगळ्यात भारी पक्षी उभं राहून सांगायचा, ही तात्यांनीच पाडलेली पद्धत. ती सोपी नव्हती. जागा कोणती, झाड कोणतं, पक्षी काय करत होता, सगळं सांगावं लागे. "जागा न्हाई तर नोंद न्हाई," हा त्यांचा कायदा. अलीकडं त्यात फोटोची भर पडली होती. उलटतपासणीत जो अडखळला त्याचा पक्षी खोडला जाई, आणि नुसता खोडला तर ते तात्या कसले? एका वकिलाला ते म्हणाले होते, "कोर्टात चालतंय तुझं, हितं पाखरं साक्षीला येत न्हाईत." तो वकील पुन्हा आला नाही. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मागच्या वर्षी फाल्गुनात एका सकाळी तात्या माझ्या दारात उभे. मोपेड बाहेर लावलेली, तोंडावर न मावणारा आनंद. मला म्हणाले, चप्पल घाल आणि गप माझ्यामागं ये. आमच्या घरापासून जवळच, एमआयडीसीच्या टोकाला, एक बंद पडलेली फौंड्री आहे. तिच्या कंपाउंडात मागं एक म्हातारा आंबा. लांब भिंतीच्या आडोशाला आम्ही बसलो. थोड्या वेळानं मोठ्या वाकड्या चोचीचा एक राखाडी पक्षी उंबराचं फळ घेऊन आला, खोडाला बिलगला आणि खोडातल्या एका फटीत त्यानं ते फळ सरकवलं.

तो राखी धनेश होता. ज्यांना हा पक्षी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत बसल्यावर तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून जे आणील त्यावर तिनं जगायचं. नर आला नाही तर सगळाच खेळ संपला.

तात्या हळू आवाजात म्हणाले, "स्वतःला कोंडून घेती आन् नवऱ्यावर भरवसा टाकती. आपल्यात टाकील का कोण?" त्यांचे डोळे पाणावले होते. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी मला बजावलं, ही जागा तुझ्यात आणि माझ्यात. तू जवळ राहतेस, राखण तुझी. गटात कुणाला कळता कामा नये. कॅमेरेवाले आले की नर बिथरतो. मला ते पटलं, अजूनही पटतं.

पाडव्यानंतरच्या रविवारी कळंब्यावर आम्ही जमलो. गटात अशोक सुतार म्हणून एक सर होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्तीला आलेले. कधी कुणाला दुखावलं नाही आणि कधी मोठा पक्षीही पाहिला नाही, असा माणूस. दरवर्षी तांबट नाहीतर बुलबुल सांगून खाली बसायचे. त्यांच्याकडं कॅमेरा नव्हता, ते पाहिलेल्या पक्ष्याचं चित्र काढून आणायचे. त्या दिवशी ते उभे राहिले. त्यांनी चित्र उलगडलं. हायवेवरून उडत जाणारा पक्षी, वाकडी चोच, चोचीत उंबर. "शिरोलीच्या पुलाजवळ," सर म्हणाले. "राखी धनेश."

चित्र इतकं हुबेहूब होतं की शंकेला जागाच नव्हती. मी तात्यांकडं पाहिलं. त्यांनी सरांचा चष्मा काढला, पुसला, परत बसवला. मग ते चित्र हातात घेऊन सगळ्यांना फिरवून दाखवलं.

"सर, चित्र झ्याक. आता मला सांगा, ह्यात पाखरू किती आन् सर किती?"

सर म्हणाले की मी डोळ्यांनी पाहिलाय. तात्या म्हणाले, घार असंल, कावळा असंल, उडत्या एसटीची सावली असंल. लोक हसायला लागले तसा त्यांना आणखी जोर चढला. ते म्हणाले, जल्मभर बुलबुल बघणाऱ्याला म्हातारपणी धनेश दिसायला लागला की घरच्यांनी जरा लक्ष ठेवावं. सरांनी त्यांच्या हातून चित्र घेऊन गुंडाळलं, पण ते नीट गुंडाळलं जाईना, तसं त्यांनी ते घडी घालून दाबून खिशात कोंबलं. चित्राला घडी घालणारा चित्रकलेचा मास्तर मी तेव्हा पाहिला.

सगळे पांगल्यावर मी तात्यांवर तुटून पडले. मी म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे तो धनेश होता. बाजूला घेऊन सांगायचं, सर, घरटं आहे, गप्प राहा. तो माणूस प्राण गेला तरी बोलला नसता. तात्या शांतपणे म्हणाले, "एकाला सांगितलं की गावाला सांगितलं. आन् खोट्याच्या मागं कोण जात न्हाई. त्यास्नी खोटं पाडलं, पाखरू वाचलं." हिशेब त्यांच्या परीनं बरोबर होता. फक्त त्यात माणूस धरलेला नव्हता.

सुतार सरांनी पुतण्याचा कॅमेरा मागून आणला. शाळा सुटली की ते पुलाजवळ उभे राहायचे आणि धनेश कुठं जातो ते बघायचे. गरीब माणूस इरेला पेटला की त्याच्यासारखा चिवट दुसरा कोणी नसतो. एक दिवस ते त्या आंब्यापर्यंत पोचले आणि त्यांना फोटो मिळाला. खोड, फट, फटीतून बाहेर आलेली मादीची चोच आणि तिला भरवणारा नर. आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला तर तात्या काढून टाकतील, म्हणून त्यांनी तो फेसबुकवर, राज्यभरचे पक्षीवाले असतात तिथं टाकला. आणि खाली, तात्यांनीच घालून दिलेल्या शिस्तीनं, सगळं व्यवस्थित लिहिलं. शिरोली एमआयडीसी, बंद फौंड्री, मागचा आंबा, नर सकाळी आणि दुपारी येतो. मी डेअरीत तो फोटो बघितला आणि तशीच सुट्टी टाकून निघाले.

उशीर झाला होता. पहिल्या दिवशी थोडे आले, मग गाड्याच गाड्या. पुण्याच्या, सांगलीच्या, बेळगावच्या. तोफेएवढ्या लेन्सा. कुणी मोबाइलवर धनेशाचा आवाज लावून नराला बोलावत होता. कुणीतरी फोटोच्या आड येते म्हणून ढोलीसमोरची फांदीच तोडली. तात्या दुकान बंद ठेवून फाटकात उभे राहिले, हात जोडले, मग शिव्या दिल्या. एक तरुण म्हणाला, "काका, जागा तुमची आहे का?" दुसऱ्यानं त्यांच्या ओरडण्याचा व्हिडिओ काढला. तो लोकांनी चवीनं पाहिला. मी पोलिसांना फोन केला, त्यांनी विचारलं, पक्षी पाळीव आहे काय. नर फळ घेऊन लांबच्या तारेवर येऊन बसे, गर्दीकडं बघे आणि फळासकट उडून जाई. मग तो यायचाच बंद झाला.

गर्दीही पांगली, कारण फोटो मिळेना. मी आणि तात्या सकाळी जात होतो. एका सकाळी लिंपण फुटलेलं दिसलं. भुकेनं मादी फोडून बाहेर आली होती आणि उडता येत नसल्यानं सरळ खाली पडली होती. फौंड्रीतल्या कुत्र्यांनी आमच्या आधी तिला गाठलं होतं. ढोलीतून कसलाही आवाज येत नव्हता. तात्यांनी अंगातला शर्ट काढला, जे राहिलं होतं ते त्यात गुंडाळलं आणि उघड्या अंगानं तिथंच खाली बसले. मी रडले, ते रडले नाहीत.

आणि नेमके तेव्हाच सुतार सर आले, बायकोला घेऊन. गर्दीत यायला लाजत होते म्हणे. गर्दी ओसरल्यावर आपला पक्षी तिला दाखवायला आणलं होतं. फाटकातून हसतच आले. तात्यांच्या मांडीवरच्या त्या शर्टातून शेपटीकडचा भाग दिसत होता. सरांनी बघितलं आणि दोन्ही हातांनी फाटक धरून उभे राहिले. तात्या त्यांना एक शब्दही बोलले नाहीत. त्या माणसाचं गप्प बसणं त्याच्या बोलण्याहून वाईट असतं हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षभर सर गटात फिरकले नाहीत. यंदा पाडवा आला तसा तात्यांनी स्वतः त्यांना फोन केला, आग्रहानं बोलावलं. मला वाटलं, म्हातारा निवळला. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, बायकोही बरोबर. सगळ्यांच्या नोंदी झाल्यावर तात्या उठले. म्हणाले, मागल्या वसंतातली एक नोंद राहिलीय. राखी धनेश, शिरोली. ती मी खोडली होती, चूक माझी. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. सरांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला, सर तर उभेच राहिले.

"पहिली नोंद अशोक सुतार," तात्या म्हणाले. "आन् शेवटची बी त्यांचीच."

मादीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, टाळ्या मध्येच तुटल्या. सर उभे होते ते तसेच उभे राहिले, बसायचं असतं हेही त्यांना सुचेना. शेवटी बायकोनं त्यांच्या दंडाला धरलं आणि बांधावरून घेऊन गेली. लोक चपला शोधत एकेक निघाले. खाली पसरलेल्या कागदावर भडंग तसाच राहिला होता, तात्या एकटे बसून तो खात होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तात्या, तुम्ही त्या दिवशी सरांना खरं सांगितलं असतं तर ती मादी जगली असती. तिला सरांनी नाही, तुमच्या जिभेनं मारलं."

तात्यांनी घास चावून संपवला.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "म्हणून तर ते पाप त्यांच्या नावावर घातलं."

आणि त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला, खा म्हणून. मी खाल्लं नाही, तशीच स्कूटीकडं चालत गेले.