एका कॉम्प्युटरवरची बिऱ्हाडं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे ते साचतात आणि लाइट गेली की दिसायला लागतात. डोंबिवली पूर्वेला आमच्या सुधीरनं एका कॉम्प्युटरचा सायबर कॅफे काढला, तेव्हा लाइट भरपूर जायची. त्यामुळे आमच्याकडे किस्सेही भरपूर!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होतो आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी सुधीरच्या गाळ्यात टेकायचो. आमचा मित्र पक्या बेकार होता, म्हणून तो सकाळपासूनच टेकलेला असायचा.

सुधीरनं एक शक्कल लढवली होती. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ब्राउझरची वेगळी कॉपी द्यायची. तिला तो 'प्रोफाइल' म्हणायचा. ज्याचा मेल त्याच्या खिडकीत, कुणाचं कुणात मिसळायचं नाही. उघडमीट करण्यात वेळ जातो म्हणून सगळ्या प्रोफाइल एकदम चालू! स्क्रीनच्या तळाशी नावांची रांग लागायची आणि बिचारा कॉम्प्युटर धापा टाकायचा.

*

गाळ्याचे मालक भोईरशेठ. त्यांची जवळच्या दिवा गावात चाळी बांधायची कामं चालू होती. एकदा भाडं मागायला आले आणि स्क्रीनकडे बघतच राहिले.

"क रं सुधीर, ही सगली नावं कनाची?"

"गिऱ्हाइकांची, शेठ. एकाच मशीनवर प्रत्येकाची वेगळी खोली."

शेठनी मशीनला चारी बाजूंनी नीट बघून घेतलं. मग सुधीरच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"आरं, दिव्यान आमचाबी ह्योच धंदा!"

*

प्रधान सर आणि प्रधानबाई, दोघंही रिटायर्ड शिक्षक. त्यांचं घरात बोलणं बंद होतं. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, पण माघार कोण घेणार! एकाच बाकावर, एकाच मशीनसमोर दोघं बसायचे. सरांची प्रोफाइल डावीकडे, बाईंची उजवीकडे. सर आपल्या खिडकीत लिहायचे, 'जाताना दूध घेणे.' मग कीबोर्ड बाईंकडे सरकवायचे. बाई आपल्या खिडकीत ते वाचून लिहायच्या, 'सकाळचे शिल्लक आहे.'

न राहवून सुधीर म्हणाला, "बाई, सर शेजारीच बसलेत. तोंडी सांगा ना!"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "लेखी विचारलंय. उत्तर लेखीच जाईल."

*

पक्यानं तर कमालच केली. घोडबंदर रोडच्या एका कंपनीत त्यानं दोन प्रोफाइलमधून दोन अर्ज टाकले. एकात तो स्वतः, पाच वर्षांचा अनुभव असलेला प्रकाश. दुसऱ्यात कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला कुणी महेश. ओळखीचं माणूस म्हणून महेशनं प्रकाशचं नाव दिलं होतं.

कंपनीच्या साहेबांनी प्रकाशला मेल करून विचारलं, 'हा महेश मुलगा कसा आहे?'

पक्याला भरून आलं. त्यानं मनापासून लिहिलं, 'सर, माझ्यापेक्षाही चांगला.'

नोकरी महेशला लागली! अपॉइंटमेंट लेटर आलं, पण रुजू व्हायला माणूसच नव्हता.

"तुला कुणी सांगितलेलं एवढी स्तुती करायला?" मी विचारलं.

"अरे, मी इमोशनल झालेलो रे!"

*

आता करंदीकर काका. ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. मुलीसाठी, मीनलसाठी, स्थळं बघत होते. अमेरिकेच्या स्थळासाठी एक प्रोफाइल, पुण्याच्या स्थळासाठी एक आणि मुंबईच्या स्थळासाठी एक. तिन्ही खिडक्या एकदम उघड्या. काकांना टायपिंग येत नव्हतं. ते सांगायचे आणि सुधीर टाइप करायचा.

पंचाईत अशी की सुधीरचं आणि मीनलचं जमलेलं होतं! ज्या मुलीवर जीव, तिच्याच स्थळांना 'मुलगी गृहकृत्यदक्ष आहे' असं स्वतःच्या बोटांनी लिहायचं. मला त्याची खरंच दया यायची. मीनल म्हणायची, "बाबांना सरळ सांग." पण काकांची अट ठरलेली होती, "दुकान मांडून बसलेला मुलगा नको."

एकदा काकांनी मुंबईच्या मुलासाठी नकार सांगितला. सुधीरनं तो अमेरिकेच्या खिडकीतून पाठवला. सगळ्यात चांगलं स्थळ गेलं! सुधीर म्हणाला, "काका, चुकून झालं. खिडक्या फार झाल्यात."

काका त्याच्याकडे बघत राहिले. "होतं असं कधीकधी," एवढंच म्हणाले.

*

शेवटी पक्याच्या सुपीक डोक्यातून चौथं स्थळ निघालं, स्वतःच्या वेगळ्या प्रोफाइलसकट. धनंजय सावंत! स्वतःचा कॉम्प्युटरचा व्यवसाय, मूळ गाव कोकणात, आई-वडील सोबत, स्वभाव शांत. पहिलं नाव सोडलं तर सगळं सुधीरचंच. आधी काकांना मुलगा पसंत पडू दे, मग नावाचं बघू, असा बेत. फसला असता तर मीनल कायमची गेली असती.

काकांना धनंजय फार आवडला. ते प्रश्न सांगायचे, सुधीर पाठवायचा. काका गेले की धनंजयच्या खिडकीतून उत्तरही तोच लिहायचा. 'दुकानदारीत कमीपणा वाटतो का?' असं काकांनी एकदा विचारलं. त्याचं उत्तर लिहायला सुधीरला दोन संध्याकाळी लागल्या.

एका शनिवारी काका आले, नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लिही. चि. धनंजय यांस, आम्हांस स्थळ पसंत आहे. उद्या आई-वडिलांना घेऊन चहाला यावे."

सुधीरनं एकेक अक्षर शोधून टाइप केलं. पक्या दारात उभा राहून उगाच बाहेर बघत होता. सुधीरनं कसाबसा मेल पाठवला आणि काकांच्या उठण्याची वाट बघत बसला.

काका उठलेच नाहीत. त्यांनी छत्रीचं टोक स्क्रीनच्या तळाशी, नावांच्या रांगेतल्या शेवटच्या 'धनंजय' या नावावर टेकवलं.

"आता त्या खिडकीत जा आणि उत्तर दे. मी बसलोय," काका म्हणाले. "आणि सही या वेळी खऱ्या नावानं कर."