पेवातला दिवा

१९४८ च्या भादव्यात फौजेची तुकडी तामलवाडीत उतरली आणि चार दिवसांत गावातला एकूण एक कोंबडा आरवायचा थांबला. कडब्याच्या गंजी घोड्यांपुढं गेल्या, घराघरातलं पीठ फौजेच्या चुलीवर गेलं. विचारणार कोण?

द्वारकाबाई एकटी बाई. पाच एकर रान, एक म्हैस. पेरणीची ज्वारी तिनं गोठ्यातल्या पेवात लपवली होती. जमिनीतल्या त्या खोल खड्ड्याचं तोंड फरशीनं झाकून, वरून सारवून, तिथंच म्हैस बांधली होती. हस्त नक्षत्रात हे बी रानात पडलं नाही, तर पुढचं वर्ष उपाशी जाणार होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी म्हैस नेली आणि त्या जागी जमादाराचा घोडा बांधला. घोड्यानं पाय आपटला, तशी भुई पोकळ वाजली.

फरशी निघाली. मकबूल नावाच्या शिपायाला जमादारानं आत उतरायला सांगितलं. त्यानं काठावर बसून पाय आत सोडले.

बंद पेवातली कोंडलेली हवा माणसाचं काय करते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. या परमुलखातल्या माणसांना नव्हतं. एक गडी आत राहिला की दुसरा उतरणार नव्हता. द्वारकाबाईनं नुसतं गप्प राहायचं होतं. पण तिचा दीर असाच गेला होता. त्याला दोरानं वर ओढलेलं तिनं पाहिलं होतं.

"उतरू नका, दादा," ती म्हणाली. "आधी दिवा सोडा."

बाई दाणे वाचवायला बघते, म्हणून जमादार हसला. मकबूलनं मात्र पाय वर घेतले. तिनं पणती दोरीला बांधून आत सोडली. पुरुषभर खाली गेली नि विझली. मग कुणी हसलं नाही.

दुपारपर्यंत पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या खेपेला दिवा तगला, तेव्हा मकबूल उतरला. पोत्यामागून पोतं वर येत राहिलं. द्वारकाबाई खांबाला धरून उभी होती. शेवटी आतून आवाज आला, "खाली हो गया, साब. नीचे माटीच हय."

जमादार ओणवा होऊन बराच वेळ बघत राहिला. अंधाराशिवाय त्याला काही दिसलं नाही.

वर आल्यावर मकबूलनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फरशी मात्र त्यानं स्वतःच ओढून बसवली.

फौज गेल्यावर तिनं पुन्हा दिवा सोडला आणि शिडीनं उतरली. वर माती भुरभुरलेली. खाली ज्वारी, गुडघाभर.

हस्तात पेरणी झाली. पुढं म्हातारपणापर्यंत, पेवातला दिवा तगला की गड्याला ती म्हणायची, "उतरा, दादा." मग तो वर येईस्तोवर काठावरून हलायची नाही.