तुर्कूच्या बिशपची काळजी

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची काळजी करणारा माणूस मी एकच पाहिला. पनवेलच्या आमच्या हायस्कुलात ते इतिहास शिकवत. मधल्या सुट्टीत हातातला चहा गार होऊ देऊन ते मला म्हणत, "म्हात्रे, राजानं चर्चची चांदी उचलली. आता त्या म्हाताऱ्यानं करावं काय?" म्हातारा म्हणजे फिनलंडमधल्या तुर्कू गावचा बिशप. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना 'बिशपसर' म्हणत आणि तेही ओ देत.

रद्दीवाल्याकडे त्यांना फिनलंडच्या धर्मेतिहासाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पोपला मानणारा तो प्रांत पुढं लूथरपंथी झाला, त्याची ती हकिगत. मधल्या काळातला हा बिशप प्रार्थना जुन्याच रीतीनं चालवी, पण हुशार पोरांना नवा पंथ शिकायला जर्मनीला धाडी. "दोन्हीकडून मार खाणार हा," सर म्हणत. पुढं काय झालं हे त्यांना पाठ होतं, तरी जीव टांगणीला लागलेला असे.

मी जासईकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला पहिला मॅट्रिक. त्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होतो आणि बाहेरून बी.ए.ला बसत होतो. दोनदा नापास झालो होतो. संस्थेनं लेखी कळवलं, यंदा पदवी मिळाली नाही तर जूनपासून येऊ नये. त्या दिवसापासून सर मला रोज संध्याकाळी तळ्याच्या पायरीवर घेऊन बसू लागले. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "तिथली एखादी म्हातारी कोणत्या दिवशी लूथरपंथी झाली, सांग." मी गाइडातलं साल सांगे. "ती राजाची तारीख झाली. म्हातारीची सांग!"

एका रविवारी ते आमच्या घरी आले. मिठागरावर जाण्याआधी आई खाडीच्या बांधावरच्या पिराला दिवा लावायला निघाली होती. सरांनी विचारलं, "हे कधीपासून करता?"

"म्हाईत नाय, गुरुजी. सासू लावायची, म्हनून मी लावते."

"उद्या कुणी बंद करा म्हटलं तर?"

"म्हनू दे की! त्याच्यासमोर नाय लावायचा."

सर ओट्यावरून उठलेच. "म्हात्रे, ऐकलंस? तुर्कूच्या चर्चमधून संतांच्या मूर्ती हलवल्यावर तिथल्या बायकांनी दुसरं काय केलं असेल? यात दिवस कुठला शोधणार तू?"

आई मला हळूच म्हणाली, "यांना जेवायला वाढू का? बरं नाय वाटत काय त्यांना?"

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. उत्तर युरोपातल्या एका बिशपप्रांतात धर्मबदल केव्हा व कसा झाला? गाइडातलं साल लिहिलं असतं तर मार्क ठरलेले होते. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की राजाज्ञेचं साल सांगता येतं, माणसांचं सांगता येत नाही.

एसटी स्टँडवर सर वाट पाहत उभे होते. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "अरे, परीक्षेत असं लिहितात होय? साल तरी टाकलंस का?"

"नाही सर."

ते मटकन बाकावर बसले. निकाल लागेपर्यंत त्यांनी बिशपचं नाव काढलं नाही. शाळेत मी समोर आलो की ते वर्गाकडे वळत. मला वाटलं, रागावले.

निकालाच्या दिवशी मी पास झाल्याचं कळलं. त्या पेपरात काठावर सुटलो होतो. सरांनी गुणपत्रिका तीनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग कोटाच्या खिशातून घडी झिजलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "हा आता फाडून टाक."

संस्थेच्या चिटणिसांना लिहिलेला अर्ज होता. 'म्हात्रे यांनी चुकीचं उत्तर लिहिलं ते माझ्या शिकवण्यामुळे. त्यांना आणखी एक वर्ष द्यावं. जागा कमी करायची असल्यास माझी करावी.' खाली सही होती. सरांच्या निवृत्तीला तेव्हा चार वर्षं राहिली होती.

निवृत्त झाल्यावर ते राजापूरकडे बहिणीच्या घरी गेले आणि तिथंच वारले. पनवेल सोडण्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "तो कागद फाडलास ना?" दोन्ही वेळा मी हो म्हणालो. सरांशी मी खोटं बोललो ते तेवढंच.