पुडीतल्या गोळ्या

अक्काच्या आजाराचा दोष मी दोन वर्षे जांभळाच्या झाडावर राहू दिला. खरे कारण मला माहीत होते.

वडवणीत माझे औषधांचे दुकान आहे. थोरली बहीण, अक्का, दिंद्रुडला असते. तिच्या दारात जांभूळ आहे. कणकण, खोकला, काहीही झाले की तिचा निरोप येई. मी अँटिबायोटिकच्या गोळ्या पट्टीतून काढून कागदात बांधून पाठवी. चिठ्ठी कुठल्याच डॉक्टरची नसे, म्हणून नाव छापलेली पट्टीही पाठवीत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी, जांभळाच्या दिवसांत तिचे पोट बिघडले, ते थांबेना; तिने दोष जांभळाला दिला. त्यावरही माझी पुडीच गेली. यंदा बांगड्या तिच्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. अंगणात जांभळे पडून सडत होती. कुणी उचलीत नव्हते.

शेवटी तिला बीडला नेले. डॉक्टर म्हणाले, "जांभळाचा रंग, तुरटपणा, हे आपल्याला एकट्याला पचत नाही. आतड्यातले जिवाणू ते फोडतात, त्यातून अंगी लागेल असं काही बनवतात. जन्मभर सोसलेलं फळ आताच का बाधावं? ही जिवाणूंची वस्तीच उठली असावी. अँटिबायोटिक घेतल्या होत्या का?"

"न्हाई. भावाच्या पुड्या तेवढ्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "काय असतं पुडीत?"

"ताकदीच्या गोळ्या," मी म्हणालो.

त्यांनी तसेच लिहून घेतले. आता उपचार त्या खोट्यावर होणार होता.

बाहेर बाकावर अक्का टेकली. "उद्या झाड तोडाया माणूस येणार हाय. लई खाल्ली त्याची जांभळं, आता ते मला खायलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कावून गप? गिऱ्हाइकापुढं तर तोंड मिटत न्हाई तुझं. आन ती पुडी. जाताना लागंल वाटंत."

पुडी माझ्या खिशात तयार होती. सकाळीच बांधली होती. तिने हात पुढे केला. तो हात मी धरला आणि तिला पुन्हा आत नेले. पुडी डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवली.

"अक्का, झाडाचा दोष न्हाई. दोन वर्षं मी तुला हेच अँटिबायोटिक देत आलो. आत्ताही डॉक्टरांशी खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ कर."