लाल गाडी आणि माझा उजवा हात

स्कूटरवरून पडले तेव्हा शाळा दोन वळणांवर होती. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि उजव्या हातावर सगळा भार देऊन रस्त्यावर आपटले. मनगट मोडलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घालून, स्क्रू लावून ते जुळवलं, पण प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. मूठ मिटेना. मी गणित शिकवते. त्या दिवसांत फळ्यावर डाव्या हाताने वेडंवाकडं लिहायचे आणि नववीची मुलं न हसता वाचून घ्यायची. त्यांचं ते न हसणंच मला जास्त लागायचं.

माझी फिजिओथेरपिस्ट इथे म्हैसूरमध्येच पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली होती. तिच्या मराठीत निम्मं कन्नड. तिने मला मोहरी आणि मेथी एकत्र करून पुन्हा चिमटीने वेगळी करायला लावली. दोन आठवडे मी ते केलं. मग एक दिवस स्पष्ट सांगितलं, की याहून कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"आयितु," ती म्हणाली, म्हणजे बरं. "मग तुम्हाला आवडेल ते करा की. पण काम स्वल्प बारीक पाहिजे, आणि रोज एक तास."

नवऱ्याने भरतकाम सुचवलं. भरतकाम मला शाळेतही आवडलं नव्हतं. मला आवडायच्या त्या गाड्या. अकरावीत असताना कऱ्हाडजवळ हायवेवर एक बुटकी, लालभडक, दोनच सीटांची गाडी पंक्चर होऊन उभी होती. तिचं चाक बदलून होईपर्यंत मी तिथून हलले नाही आणि कॉलेजची बस चुकली. पुढे मी ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाचा विषय घरी काढला होता. पण बीएस्सी आधीच ठरलेली होती. ते सगळं तीस वर्षांनी आठवलं आणि मी ऑनलाइन एक मॉडेल मागवलं. प्लॅस्टिकचं, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, सुटे भाग आपण जोडायचे.

खोक्यात शंभराहून जास्त तुकडे निघाले, सगळे एकेका चौकटीला चिकटलेले. सूचना जपानीत, पण चित्रं होती. नवरा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात आहे. त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीतला बारीक कटर काढून दिला आणि या हाताने हे जमेल का, असं एकदाच विचारलं. पहिल्या दिवशी एक सीट चौकटीतून कापून घासायला मला चाळीस मिनिटं लागली. पण त्या चाळीस मिनिटांत मी एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांत इंजिन बसलं, चाकं बसली, स्टिअरिंग बसलं. राहिला वरचा सांगाडा आणि त्याचा रंग. मला धीर नव्हता. एका संध्याकाळी, बाहेर झिमझिम चालू असताना, मी बाल्कनीत तो रंगवला. स्प्रेचा डबा डाव्या हातात, कारण उजव्या बोटाला तेवढा जोर नव्हता. कुठे थेंब ओघळले, कुठे रंग पोचलाच नाही, आणि सकाळी पाहते तर सगळ्या लालवर पांढुरकं धुकं चढलेलं. मी अक्षरशः रडले. नवरा म्हणाला, इतक्या जवळून कोण बघणार आहे. मी म्हटलं, मी बघणार आहे.

शनिवारी रिक्षा करून लष्कर मोहल्ल्यात गेले. तिथे एका गल्लीत खऱ्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग चालतं. सगळ्यात वयस्कर पेंटर कोण ते विचारून त्यांच्यासमोर मी डब्यातून तो तळहाताएवढा सांगाडा काढला. ते हसले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी तो उजेडात फिरवला आणि रंग कधी मारला ते विचारलं. पाऊस होता म्हटल्यावर मान हलवली. दमट हवेत रंग असाच पांढरा पडतो, तिथे उभ्या असलेल्या मोठ्या गाडीचंही हेच झालं असतं, असं त्यांनी समजावलं. थिनरने पुसू का, विचारलं तर म्हणाले, थिनर प्लॅस्टिकच खाऊन टाकेल. साबणाचं पाणी, वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, आणि नुसतं घासणं.

"निधान," ते म्हणाले. सावकाश. मग विचारलं, "मुलाची आहे का?"

"माझी आहे," मी म्हटलं.

त्यांची नजर माझ्या मनगटावरच्या लांब व्रणावर गेली. त्यांनी आपल्याकडचे वॉटर पेपरचे चार तुकडे कापून दिले, कुठला आधी आणि कुठला नंतर ते बोटाने दाखवून.

अकरा दिवस मी शाळेत जाण्याआधी तासभर घासत होते. बॉनेटच्या कडा, दाराच्या रेघा, आरशाखालचे कोपरे. आठव्या दिवशी लक्षात आलं की कागद मी अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरलाय, आणि तो धरताना मनात काही विचारसुद्धा आला नव्हता. त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टने मूठ करायला लावली आणि बोटांची टोकं तळव्याला टेकली. तिने शेजारच्या खोलीतल्या सहकारी बाईला बोलावून मला पुन्हा मूठ करायला लावली. मी चार वेळा करून दाखवली.

मग एक लख्ख उन्हाचा रविवार मिळाला. या वेळी स्प्रे उजव्या हातात. रंगाचा पातळ हात, अर्धा तास थांबायचं, पुन्हा पातळ हात, असे पाच. दुपारी त्या लालमध्ये मला बाल्कनीचे गज दिसत होते. पुढच्या आठवड्यात काचा बसवल्या, नंबराची स्टिकरं पाण्यात सोडवून चिकटवली, आणि सगळ्यात शेवटी चिमट्याने वायपर. गाडी झाली. मी इतक्या मोठ्याने हसले की नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. वाकून आत बघत त्याने दारं उघडतात का विचारलं. उघडत नव्हती. त्याचं तेवढं मन खट्टू झालं. पण अर्ध्या तासात त्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांकडे फोटो पोचला होता.

गाडी घेऊन मी पुन्हा त्या गल्लीत गेले. पेंटरनी हात पुसले, ती ट्यूबलाइटखाली धरली आणि छतापासून बंपरपर्यंत सावकाश तिरपी करत पाहिली. मग शेजारच्या दोन गॅरेजांतल्या लोकांना हाक मारून कन्नडमध्ये सांगितलं, की हे या मॅडमचं काम आहे, हात मोडलेला असताना केलेलं.

तिथे एक पांढरी टॅक्सी उभी होती. तिच्या कडेने निळा पट्टा मारायचा होता. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला आधी चिकटवायच्या मास्किंग टेपचं बंडल त्यांनी माझ्याकडे धरलं.

"वरची रेघ तुम्ही लावा."

मला वाटलं थट्टा करतायत. ते थांबून राहिले. मग मी गाडी त्यांच्या बाकावर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि पुढच्या दारापासून सुरुवात केली. डाव्या हाताने टेप ताणलेली, उजव्या अंगठ्याने दाबत दाबत मागच्या दिव्यापर्यंत. त्यांनी एक डोळा मिटून रेघ पाहिली. कुठेही टेप उचलली नाही. तशीच ठेवून खालची लावली आणि त्यांच्या माणसाला निळा रंग ढवळायला सांगितलं.

ती टॅक्सी म्हैसूरमध्ये फिरते आहे. मी ती अजून रस्त्यात पाहिलेली नाही, पण निळ्या पट्ट्याची पांढरी गाडी दिसली की मी वळून बघते.