आत्याने बांधलेली झोळी

आज मी जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. आई गेली तेव्हा मी रांगतही नव्हतो. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर आत्याने मला वाढवलं, लोकांच्या शेतात राबून शहापूरच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे आधी सांगतो, कारण त्याच आत्याशी मी खोटं बोललो.

मुलगी झाली तेव्हा आत्या आमच्याकडे आसनगावला आली. आल्या दिवशीच तिने छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. पाड्यावर कुणाच्या घरी मूल झालं की झोळी बांधायला तिलाच बोलावतात. डोकं गोल व्हावं म्हणून ती आत मोहरीची उशी ठेवते आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून लुगड्याचे काठ चिमट्याने मिटते.

मुलगी दोन महिन्यांची असताना एका रविवारी, दुपारची जेवणं झाली होती. बायको कपडे धूत होती, आत्या दाराबाहेरच्या ओट्यावर पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. झोळी हलायची थांबली होती. सहज चिमटा काढून आत डोकावलो. बाळाची हनुवटी छातीत रुतली होती आणि सरकलेली उशी नाकावर आली होती. ओठ निळसर दिसले. मी तिला उचललं. ती रडेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. लगेच तिला दुपट्यात गुंडाळून निघालो.

दवाखान्यात तपासून ठीक आहे म्हणाले. तिथल्या सिस्टरने मला बाकावर बसवून समजावलं. बाळ उताणं झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी नको, गोधडी नको, खेळणी नकोत. तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या पलंगावर.

शहापुरातल्या दुकानात मऊ, फुगीर कडांचे पाळणे होते. त्या कडांत नाक रुतलेलं बाळच मला दिसू लागलं. शेवटी गजांचा छोटा पलंग करून घ्यायला मुरबाडच्या एका सुताराकडे गेलो. गजांमधली फट मी बोटं घालून मोजत होतो, गादी आणि चौकटीत जागा राहते का ते चाचपत होतो. तो बघत राहिला, मग म्हणाला, "सायेब, पोर झोपवायचीय का बकरू डांबायचंय?"

मला हसू आलं नाही. त्याने मात्र सगळे गज जवळ घेऊन दिले.

पलंग आला तसं आत्याचं तोंड उतरलं. बाळाच्या ओठांचं तिला कळू दिलं नव्हतं. दवाखान्यात निघताना तपासणीची तारीख आहे एवढंच सांगितलं होतं. आताही म्हणालो, डॉक्टर हल्ली असंच सांगतात.

"तू याच झोळीत वाढलास ना रे? मेलास का?" आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती परत गेली.

त्यानंतर मी दर थोड्या वेळाने मुलीच्या छातीवर हात ठेवून बघायचो. आठवड्याने पाड्यावरून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या घरी मुलगा झाला होता. सहज म्हणाला, आत्याने झोळी बांधलीय, उशीही तिनेच शिवलीय. त्याला लगेच सांगितलं, बाळाला आधी बाहेर काढ. पण आत्या आणखी किती घरी बांधेल? फोनवर तिच्याशी हे बोलायला जीभ वळेना. तिला अक्षरं लावून वाचता येतं. म्हणून लिहिलं आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं.

ती. आत्या,
सविनय जयभीम.
त्या रविवारी मी तुला खरं सांगितलं नाही. झोळीत बाळाचा श्वास कोंडला होता. उशी नाकावर होती, ओठ निळे पडले होते. तू दोन हातांवर बसली होतीस, तरी आवाज आला नाही. मूल कोंडतं तेव्हा रडत नाही. तुला दोष लागेल म्हणून मी गप्प बसलो. चूक माझी.
मी झोळीत जगलो, कारण तू बांधावरून दर घटकेला येऊन बघायचीस. सगळ्यांना तशी आत्या नसते.
पाड्यावर आता कुणाला झोळी बांधू नकोस. उशी तर नकोच. सपाट जागी उताणं निजवायला सांग. माझं नाही ऐकणार, तुझं ऐकतील.
मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही. तू आल्याशिवाय ठेवणार नाही. रागावून ये, पण ये.
तुझा भाचा