सासूबाईंचं चालणं

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी राजुरीला सून म्हणून आले, तेव्हा सासूबाई दिवसभरात क्वचितच टेकायच्या. विहिरीवरनं पाणी आणायचं, डोक्यावर गवताचा भारा आणायचा, मग पुन्हा रान. पुढं टोमॅटोनं हात दिला. दारात नळ आला, मोटारसायकल आली, गवत ट्रॅक्टरमधून यायला लागलं. सगळ्यांनाच बरं वाटलं. पण सासूबाईंच्या हातचं काम गेलं आणि दोन-चार वर्षांत त्या जडावल्या.

एकदा त्यांच्या तळपायात काटा गेला. काटा निघाला, पण जखम काही भरेना. मी त्यांना नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासल्यावर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. चहा बिनसाखरेचा. जखम भरली की रोज सकाळी चालायचं, पण अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

परतताना जीपमध्ये त्या धुसफुसत होत्या. "जलमभर रानात राबले, आन हा मला चालायला शिकवतोय व्हय?"

भावकीतल्या एका म्हाताऱ्याचा पाय असल्याच जखमेपायी कापावा लागला होता. ते त्यांनाही ठाऊक होतं. जखम भरली, आणि एका पहाटे त्या कालव्याच्या रस्त्याला लागल्या.

अडचण निराळीच निघाली. आमच्याकडे बाईमाणूस कामाशिवाय रस्त्यानं चालत नाही. समोरून येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कुठं निघाल्या?" आणि सासूबाईंना उत्तर सुचायचं नाही. शेवटी त्या हातात खुरपं घेऊन निघायला लागल्या. खुरपं दिसलं की कुणी विचारायचं नाही.

मग माझ्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारीखाली पांढरे बूट! पोरं खिदळली. सासूबाईंची चुलत जाऊ तर रस्त्यातच म्हणाली, "अक्का, कवायतीला निघाल्या का काय?"

सासूबाई थांबल्या. "पाय माझा हाय. उद्या तुटला तर तुझा देशील का?"

जाऊ वरमली. सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी खुरपं कोपऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं की त्या ठणकावून सांगायच्या, "कुठंच न्हाई. चालाया निघालेय."

कुणाकडे गेल्या की चहाचंही तसंच. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा म्हणजे घरधनिणीलाच कमीपणा वाटायचा. सासूबाई म्हणायच्या, "साखर ऱ्हाऊ दे बाई, मी बसते जास्त येळ." आणि खरंच बसायच्या. संध्याकाळी पाय धुऊन पुसायचे आणि उंबऱ्यापाशी बसून हातातला आरसा तळपायाखाली धरायचा. कुठं चिरलंय का, लाल झालंय का, ते स्वतःच बघायच्या. लग्नाला गेल्या तरी आरसा पिशवीत असायचा.

अशी काही वर्षं गेली. एकदा आम्ही दोघी तपासणीला नारायणगावला गेलो होतो. साखर आटोक्यात होती. डॉक्टर खूश झाले, सासूबाई त्याहून खूश. आळेफाट्यावर उतरलो तर कांद्याच्या भावासाठी रस्ता रोको चाललेला. गाड्यांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत. राजुरीला जायला काहीच नव्हतं. माणसं चहाच्या टपरीवर बसून होती. ऊन कलायला लागलेलं.

सासूबाईंनी पिशवीतली भाकरी काढली. आम्ही दोघींनी खाल्ली. मग त्यांनी बुटाच्या नाड्या आवळल्या.

"चल."

"आई, लई लांब हाय!"

"मग हितं बसून जवळ येणार हाय का?"

निघालो. आळे गाव मागं पडेपर्यंत मी बोलत होते, नंतर मला धाप लागली. पोटऱ्या भरून आल्या. माझं वय त्यांच्या निम्मं, तरी मी मागं आणि त्या पुढं, एका लयीत. मी दिसेनाशी झाले की थांबायच्या, पाण्याची बाटली पुढं करायच्या. वाटेत अडकलेल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दमला नाय का?" सासूबाईंनी नुसता हात हलवला.

घर आलं तेव्हा दिवेलागण झाली होती. सासरे दारात वाट बघत उभे. "जीप कुठं घावली तुमाला?"

"घावली न्हाई," मीच पुढं होऊन सांगितलं. "आई चालत आल्या. फाट्यापासून. मी आपली त्यांच्या मागं मागं." हे सांगताना माझा ऊर असा भरून आला, जसं काही मीच त्यांना चालायला शिकवलं होतं.

सासरे एरवी फारसं कौतुक करणारे नव्हेत. त्यांनी स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि बायकोच्या हातात दिला. सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठवेना. सासूबाई मात्र कालव्यावरून चक्कर मारून आल्या आणि कोमट तेल घेऊन माझ्या पायाशी बसल्या. "आता तू बी चल माज्यासंगं," पोटऱ्या चोळता चोळता म्हणाल्या. "तुजं बी सगळं काम आता बसूनच व्हतंय."

त्याच आठवड्यात मी बूट घेतले. पुढं चुलत जाऊही आमच्यात आली.